नांवापुढचीं अक्षरें

अपघातांत मोडलेलें हाड कांहीं आठवड्यांत सांधतें, शस्त्रक्रियेची जखम भरून येते, आणि रुग्णालयांतून घरीं जाण्याची चिठ्ठी हातांत पडली म्हणजे घरच्या मंडळींस वाटतें कीं, संकट टळलें. परंतु ज्यांच्या मेंदूस किंवा पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूस इजा झाली आहे, अथवा ज्यांचा एखादा अवयव गेला आहे, त्यांच्या बाबतींत खरें काम त्याच दिवशीं सुरू होतें, व तें महिनोन्‌महिने, पुष्कळदां वर्षानुवर्षें चालतें. ह्या कामास पुनर्वसन म्हणतात. शस्त्रवैद्याची व आपली गांठ थोडकीच पडते. त्याच्यामागून मात्र निराळींच माणसें घरांत ये-जा करूं लागतात. ताठलेले सांधे हलवून चालावयास शिकविणारा भौतिकोपचारक. एका हातानें घास कसा घ्यावा, सदरा कसा घालावा, हें शिकविणारा व्यवसायोपचारक. कृत्रिम पाय मापानें बसविणारा तंत्रज्ञ. मेंदूच्या इजेनें वाचा गेलेल्यास पुन्हां बोलतें करणारा वाचोपचारक. आणि खचलेलें मन सांवरण्यास साह्य करणारा मानसशास्त्रज्ञ. ह्यांच्या दारावरील पाटीवर नांवापुढें चार-सहा अक्षरें असतात. तीं कोठून आलीं, त्यांच्यामागें कोण उभें आहे, व घरच्या माणसांनीं त्यांवर किती भार टाकावा, एवढेंच सांगण्याचें ह्या लेखांत आम्हीं योजिलें आहे.

ह्या अक्षरांच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण लंडन शहरांत घडलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंग चोळून व सांधे हलवून व्याधि दूर करण्याच्या विद्येस इंग्लंडांत मोठी मागणी आली होती. डॉक्टर लोक तिची शिफारस करीत. पण ती कोणी शिकवावी, किती शिकवावी, आणि शिकणारा तयार झाला हें कोणी ठरवावें, ह्याचा कांहींच बंदोबस्त नव्हता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. कोणीही उठावें व दारावर पाटी लावावी! कांहीं पाट्यांच्या आड मर्दनाच्या नांवाखालीं अनीतीचे धंदे चालत. कांहीं ठिकाणीं तरुण परिचारिकांस शिक्षणाचें आमिष दाखवून त्यांच्याकडून पैसे उकळले जात. १८९४ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नल ह्या वैद्यकीय पत्रानें हा प्रकार चव्हाट्यावर आणिला, आणि त्याबरोबर प्रामाणिकपणें हें काम करणाऱ्या स्त्रियांच्या नांवासही काळिमा लागण्याची वेळ आली.

अशा वेळीं बहुतेक माणसें दोहोंपैकीं एक करतात. धंदा सोडतात, नाहीं तर वर्तमानपत्रांतून आपल्या निर्दोषपणाची ग्वाही देत बसतात. ल्यूसी रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली व मार्गारेट पामर ह्या चार परिचारिकांनीं तिसरा मार्ग काढिला. त्यांनीं त्याच वर्षीं शिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची एक संस्था स्थापिली, तिची परीक्षा ठेविली, आणि सभासदांनीं पाळावयाचे चार नियम घातले. डॉक्टरांच्या सांगण्यावांचून कोणावरही उपचार करूं नयेत. पुरुषांचें सर्वांगमर्दन करूं नये. मात्र तांतडीच्या प्रसंगीं डॉक्टरांनीं खास विनंति केल्यास अपवाद असावा. केवळ वैद्यकीय पत्रांखेरीज अन्यत्र जाहिरात देऊं नये. आणि रुग्णास औषधें विकूं नयेत.

वाचकांनीं ह्या चार नियमांकडे जरा निरखून पाहावें. उत्तम मर्दन कसें करावें, ह्याविषयीं त्यांत एक अक्षरही नाहीं. तें परीक्षेकडे सोंपविलें आहे. नियमांत आहे तो मोहांचा बंदोबस्त. जो उपचार करतो तोच औषध विकूं लागला, तर रुग्णास औषधाची गरज आहे कीं विक्रेत्यास पैशाची, हें कोणी सांगावें? जो वर्तमानपत्रांतून गाजावाजा करतो त्याच्याकडे घाबरलेलीं माणसें धांवतात, कारण घाबरलेल्या माणसास पारख करण्यास उसंत नसते. सव्वाशें वर्षांपूर्वींचे हे दोन नियम आज आमच्या शहरांतील भिंती, रिक्षांच्या पाठी व हातांतील दूरध्वनीचे पडदे पाहिले म्हणजे अगदीं ताजे वाटतात.

पुरुषांविषयींचा नियम आजच्या मुलींस चमत्कारिक वाटेल. तो त्या काळच्या बदनामीपासून बचाव होता, व बचावाचें कारण पालटतांच तो टिकला नाहीं. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, आणि हातपाय लुळे पडलेले हजारों शिपाई घरीं येऊं लागले. ह्याच शिक्षित स्त्रियांचें एक पथक सैनिकांच्या शुश्रूषेस उभें राहिलें. ज्यांना पुरुषांपासून दूर राहण्याचा दंडक होता त्यांनींच पुरुषांस पुन्हां उभें राहावयास शिकविलें. १९२० सालीं संस्थेस राजसनद मिळाली, पुरुष सभासदही आंत आले, आणि पुढें तिचें नांव चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी असें झालें. ती संस्था आजही आहे. तथापि एक उणीव पुष्कळ वर्षें राहिली. संस्थेचा अधिकार तिच्या सभासदांवर. जो सभासदच झाला नाहीं त्याला ती काय करणार? ब्रिटनमध्यें ह्या धंद्याची सरकारी नोंदवही करण्याचा कायदा १९६० सालीं झाला, म्हणजे त्या चार परिचारिकांच्या उद्योगानंतर छासष्ट वर्षांनीं.

परीक्षा, नियम, नोंदवही हीं सर्व कागदावरचीं. तीं रुग्णाच्या बिछान्यापर्यंत कशीं पोंचतात, ह्याचें उदाहरण द्यावयाचें तर आम्ही दोन तासांच्या नियमाचें देऊं. निरोगी माणूस झोंपेंत कळत-नकळत कूस बदलीत असतो. मज्जारज्जूस इजा झालेल्याला कमरेखालीं संवेदनाच नसते. कूस बदलावी असें त्याच्या शरीरास कळत नाहीं, व कळलें तरी वळतां येत नाहीं. मग माकडहाड, खुबे, टांचा ह्यांखालीं कातडी दबून राहते, तेथील रक्त थांबतें, आणि कांहीं तासांत तेथील मांस मरूं लागतें. ह्यास शय्याव्रण म्हणतात. प्रथम नुसता लाल डाग दिसतो, व तो दुखत नसल्यामुळें कोणी लक्ष देत नाहीं. पहिल्या महायुद्धांत कणा दुखावलेले बहुतेक शिपाई गोळीनें नव्हे, तर ह्या व्रणांच्या व मूत्रमार्गाच्या विषबाधेनें मेले. असे रुग्ण जगत नाहींत, हीच तेव्हां वैद्यकाची समजूत होती.

ही समजूत मोडणारांत डॉक्टर लुडविग गुटमान ह्यांचें नांव अग्रभागीं आहे. हे ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ १९३९ सालीं जर्मनी सोडून इंग्लंडांत आले, आणि १९४४ च्या फेब्रुवारींत स्टोक मँडेव्हिल येथें त्यांनीं मज्जारज्जूच्या रुग्णांकरितां स्वतंत्र विभाग उघडला. दर दोन तासांनीं, दिवसा व रात्रीं, प्रत्येक रुग्णाची कूस पालटावयाची, हा त्यांचा दंडक. ह्यांत नवें यंत्र नाहीं कीं महागडें औषध नाहीं. पण रात्रीं दोन वाजतां कोणी अधिकारी पाहत नसतांही तो पाळला जावा, ह्यासाठीं शिकलेलीं, नियमानें बांधलेलीं व एकमेकांस जाब विचारणारीं माणसें लागतात. गुटमान ह्यांनीं रुग्णांस नुसतें जगविलें नाहीं, तर खेळाला लाविलें. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनच्या ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशीं, त्यांच्या आवारांत सोळा जखमी सैनिकांनीं चाकांच्या खुर्च्यांवरून तिरंदाजीचे सामने खेळले. त्यांत स्त्रियाही होत्या. ह्याच सामन्यांतून पुढें पॅरालिंपिक खेळ निघाले. आपल्या सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झालेले सैनिक. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्यें पन्नास मीटर पोहण्यांत त्यांनीं भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें. आमच्या विद्यार्थ्यांस हें पदक ठाऊक असेल. त्याच्यामागें बिछान्याशेजारच्या पुष्कळ अनामिक रात्री असतात, हेंही त्यांनीं लक्षांत घ्यावें.

आतां ह्याच्या उलट एक हकीकत. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील कर्ता पुरुष गवंडीकाम करीत असतां परांचीवरून पडला. रुग्णालयांत कण्याची शस्त्रक्रिया चांगली झाली. घरीं आल्यावर कोणीतरी सुचविलेल्या एका गृहस्थास बोलाविलें. त्यांच्या पाटीवर नांवापुढें सात अक्षरें होतीं. हे गृहस्थ चार महिने रोज येत, जोरानें चोळीत, ओढीत, व महिन्याभरांत चालवून दाखवितों असें दर महिन्यास सांगत. कूस बदलण्याविषयीं त्यांनीं अवाक्षर काढलें नाहीं. पत्नीनें पाठीवरचा लाल डाग दाखविला, तेव्हां तेल लावा म्हणाले. बायकोच्या दोन बांगड्या गेल्या आणि नवऱ्यास मुठीएवढा व्रण झाला. तो भरून येण्यास पुन्हां रुग्णालयांत दीर्घ काळ काढावा लागला. पुढें मुलानें त्या सात अक्षरांचा तपास केला. वर्गणी भरील त्याला सभासद करून घेणारी ती एक संस्था होती. तिला परीक्षा नव्हती, शिस्तीची समिति नव्हती. मुलाच्या पत्राचें उत्तर एवढेंच आलें कीं, आम्ही त्यांचें नांव यादींतून कमी करूं.

ह्यावरून सभासदत्वें सगळीं पोकळ, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. पाटीवरील अक्षरें तीन तऱ्हेचीं असतात, व आपण तीं एकाच माळेंत ओंवतों, तेथें घोटाळा होतो. पदवीचीं अक्षरें सांगतात कीं, हा मनुष्य अमुक वर्षीं अमुक परीक्षा उतरला; त्यानंतर त्यानें पुस्तक उघडलें कीं नाहीं, तें त्या सांगत नाहींत. सभासदत्वाचीं अक्षरें सांगतात कीं, समव्यवसायी माणसांच्या मंडळानें त्याला आपल्यांत घेतलें आहे. त्यांची किंमत त्या मंडळाच्या कसोटीइतकी, कमी नाहीं आणि जास्तही नाहीं. तिसरी गोष्ट नोंदणीचा क्रमांक. तो कायद्यानें स्थापिलेल्या परिषदेचा असतो. ती परिषद तक्रार ऐकूं शकते, चौकशी करूं शकते, व नांव काढून टाकलें तर तो धंदा करण्याचा हक्कच जातो. वर सांगितलेल्या कुटुंबास पहिली गोष्ट कोणी विचारली नाहीं, दुसरीनें त्यांस भुलविलें, आणि तिसरी असते हें त्यांच्या गांवींही नव्हतें.

चांगल्या मंडळाचें उदाहरण दूर शोधावयास नको. एलिझाबेथ लंडी ह्या अमेरिकन बाई विष्णु निंबकर ह्यांच्याशीं विवाह करून हिंदुस्थानांत आल्या व कमला निंबकर झाल्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनीं फिलाडेल्फियास जाऊन व्यवसायोपचाराचें शास्त्र शिकून घेतलें, आणि १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत ह्या विद्येची भारतांतील पहिली शाळा काढिली. व्यवसायोपचार म्हणजे धंदेशिक्षण नव्हे. हाताची पकड गेलेल्यानें कणीक कशी मळावी, दप्तर कसें उचलावें, न्हाणीघरांत तोल कसा सांभाळावा, अशा रोजच्या व्यवहारांतून शरीर व मन दोन्ही कामास लावण्याची ही रीति आहे. बाईंचें दूरदर्शित्व पुढें दिसतें. हातांवर मोजण्याइतके शिक्षित लोक असतांच, १९५२ सालीं, अखिल भारतीय व्यवसायोपचारक संघ उभा राहिला. आणि त्याच वर्षीं ह्या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हां त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. शाळा अगोदर आणि संघ मागाहून केव्हांतरी, असा क्रम त्यांनीं लाविला नाहीं. येथील विद्यार्थ्यांचें शिक्षण जगाच्या मापास उतरावें, ही तरतूद पहिल्यापासूनच झाली.

कायद्याची वाट मात्र आपल्याकडेही लांबली. भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा संसदेनें १९९२ सालीं केला. कृत्रिम अवयव बसविणारे, वाचा व श्रवण ह्यांचे तज्ज्ञ, रुग्णांच्या मनाचा विचार करणारे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, अपंग मुलांचे विशेष शिक्षक वगैरेंची केंद्रीय नोंदवही ह्या परिषदेकडे असते. नोंद एकदां झाली कीं जन्मभर पुरली, असें नाहीं; ठराविक मुदतीनें ती नवी करून घ्यावी लागते, व मधल्या काळांत नवें शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. नोंद नसतां हा धंदा करणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्या कायद्यांत लिहिली आहे. हजार रुपयांची आजची किंमत वाचकांनीं स्वतःच करावी. भौतिकोपचारक व व्यवसायोपचारक ह्या नोंदवहींत येत नाहींत. त्यांच्याकरितां महाराष्ट्रानें २००२ चा स्वतंत्र परिषदेचा कायदा केला, आणि २०२१ सालीं संसदेनें संलग्न आरोग्य व्यवसायांचा जो राष्ट्रीय कायदा केला त्यांत ह्या दोघांचाही समावेश आहे.

येथें एक आक्षेप निघेल, व तो रास्त आहे. जयपूरचा पाय आज जगभर ज्ञात आहे. तो १९६८ च्या सुमारास ज्यांच्या हातून घडला ते रामचंद्र शर्मा हे फारसे शाळा न शिकलेले कारागीर. परदेशी पाय बूट घालून चालणारासाठीं केलेला. त्यानें चिखलांत उतरतां येत नसे, मांडी घालून बसतां येत नसे. ही अडचण पदवीधरांनीं नव्हे, तर ह्या कारागिरानें हातानें सोडविली. नोंदवहीचा आग्रह तेव्हां धरला असता तर काय झालें असतें? आमच्या मतें ह्याचें उत्तर त्याच हकीकतींत आहे. शर्मा एकटे पाटी लावून बसले नव्हते. डॉक्टर प्रमोद करण सेठी ह्यांच्यासारखे अस्थिशल्यतज्ज्ञ त्यांच्यासह काम करीत होते; पाय बसे, मोडे, पुन्हां घडे, आणि जो पाय पंगु माणसास शेतांत चालवी तोच पुढें जाई. प्रतिभेस पदवीची अट घालूं नये हें खरें. परंतु परीक्षेची अट तीही चुकवूं शकत नाहीं. शिवाय शर्मांसारखा एक असतो, आणि त्याचें नांव सांगून दारें उघडणारे पुष्कळ असतात.

कधीं कधीं कसोटी लावणाराच कसोटीस लागतो. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टर मेरी वर्गीस ह्यांस १९५४ सालीं मोटारअपघात झाला, व कमरेखालील शरीर कायमचें निकामी झालें. त्या स्वतः शस्त्रवैद्य. डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांच्या हाताखालीं, चाकांच्या खुर्चींत बसून, त्यांनीं कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. मग न्यू यॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्र शिकल्या. १९६६ सालीं वेल्लोरास जें पुनर्वसन केंद्र उघडलें, तें त्यांच्या श्रमांचें फळ होय. दर दोन तासांनीं कूस पालटणें म्हणजे काय, हें त्यांना कोणी पुस्तकांतून सांगावयास नको होतें.

पालकांपैकीं कोणावर असा प्रसंग येऊं नये. पण आलाच तर घरीं येणाऱ्या उपचारकास, शांतपणें व आदरानें, नोंदणी कोणत्या परिषदेची व क्रमांक काय, हें विचारावें. खरा उपचारक रागावत नाहीं. पुष्कळदां त्याचा क्रमांक चिठ्ठीवरच छापलेला असतो. किती दिवसांत चालेल, ह्यापेक्षां पुढील महिन्यांत कोणती एक गोष्ट त्याला स्वतः करतां यावी, हें विचारणें बरें. जो ह्याचें उत्तर लिहून देतो व महिन्यानें तोच कागद पुढें घेऊन बसतो त्याच्या हातीं रुग्ण सुरक्षित आहे. पूर्ण बरें करण्याची हमी देणारापासून, तेल किंवा औषध स्वतःच विकणारापासून, आणि घरच्या माणसांस कांहींच न शिकविणारापासून सावध असावें. बिछान्याजवळ एक वही टांगून कूस बदलल्याची वेळ लिहिण्याचा परिपाठ ठेवावा. हें काम दहा-बारा वर्षांचें मूलही चांगलें करतें.

ज्या विद्यार्थ्यांस ह्या व्यवसायाकडे वळावयाचें असेल त्यांनीं शास्त्र शाखेंत जीवशास्त्र घ्यावें. भौतिकोपचार व व्यवसायोपचार ह्यांचे पदवी अभ्यासक्रम चार वर्षांहून अधिक काळाचे असून त्यांत रुग्णालयांतील उमेदवारीचाही अंतर्भाव होतो. मुंबईंत के. ई. एम., शीव व नायर ह्या रुग्णालयांशीं जोडलेल्या महाविद्यालयांत ते शिकवितात. कृत्रिम अवयवांची विद्या हाजी अली येथील, १९५५ सालीं स्थापन झालेल्या, अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेंत शिकतां येते. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीं त्या महाविद्यालयास कोणत्या परिषदेची मान्यता आहे, हें पाहून घ्यावें.